एक सून जास्त

"बोंद्रेबाई, देशिंगकरांच्या घरात एक सून जास्त झालीय," तांबोळी म्हणाले आणि स्वतःच हसले. "वजाबाकी तुम्ही करायची."

तांबोळी फाटकावरचे मुख्य अधिकारी. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घराला आग लागली की आधी चहा सांगायचा आणि मग बंबाला फोन करायचा, इतकंच. चहा आला. मी घेतला. फुकटचा चहा आणि दुसऱ्याचं दुःख, दोन्ही गरम असतानाच बरं लागतं, हे मला नोकरीनं शिकवलं होतं.

हे सगळं त्या फटीच्या दिवसांतलं. आता सांगलीबाहेरच्या त्या बंद सूतगिरणीच्या जागी मंगल कार्यालय उभं आहे आणि लोक तिथं अक्षता टाकतात. तेव्हा तिथं, सूतकताईच्या जुन्या खात्याच्या मागच्या भिंतीत, जगाला फट पडली होती. महापुराच्या रात्री एका जगाची दोन झाली, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. आपल्या बाजूला नदीचा बांध टिकला, पलीकडे तो फुटला. त्या रात्रीपर्यंत दोन्हीकडचं सगळं एकच होतं. तीच माणसं, तेच संसार, तीच भाऊबंदकी. सकाळी पलीकडे अर्धं गाव नव्हतं. मग आपण अल्याडचे झालो आणि ते पल्याडचे. सरकारनं फटीला फाटक बसवलं, पास सुरू केले, आणि अल्याडची माणसं पल्याड जाऊन स्वतःच्याच फोटोला हार घालू लागली. काही जण स्वतःच्या वर्षश्राद्धाला जेवून आले आणि वर भाजीत मीठ कमी होतं म्हणाले.

माझं काम ओळख पटवायचं. त्याआधी मी विम्याचे दावे तपासत होते, त्यामुळे रडणारा माणूस रडताना कुठं बघतो यावर माझं लक्ष असे. फट आता मिटत चालली होती. शुक्रवारी संध्याकाळी ती कायमची बंद होणार होती. त्याच्या आत ज्यानं त्यानं आपापल्या जगात जायचं, असा हुकूम होता. तांबोळींनी मला बोलावलं तो बुधवार.

"सोमवारी देशिंगकरांच्या अक्का सुनेला घेऊन पल्याड गेल्या," तांबोळी म्हणाले. "पल्याडची नात पुरात गेली, तिच्या नावानं दिवा लावायला. दोघींचा पास होता. संध्याकाळी दोघी परत आल्या. काल तीच सून पुन्हा आली. एकटी, बिनपासाची. म्हणते, मी खरी. सोमवारी परत आली ती पल्याडची."

"पल्याडच्या देशिंगकरांत कोण उरलंय?"

"सून तेवढी. नवरा, सासू, पोरगी, सगळी वाहून गेली."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात, दोघी हेमांगी देशिंगकर आहेत. बोटांचे ठसे तेच, बाळंतपणाच्या ऑपरेशनचा टाका तोच, दाढेतली चांदीसुद्धा तीच. पोरगी झाल्यावर पूर आला ना. मग फरक कुठून असणार?"

"घरचे काय म्हणतात?"

"नवऱ्यानं लिहून दिलंय. घरात आहे ती आमची, फाटकावर आहे ती मागं लागून आलेली."

जुन्या वजनकाट्याच्या खोलीत त्या बाईला बसवलं होतं. तिशीची असेल. पंजाबी ड्रेसच्या कडेला वाळलेला चिखल, मनगटाजवळ काचेनं कापल्याची खूण. मला बघून ती उठली.

"मॅडम, काय सांगू? लग्नाची तारीख सांगू? रेवाला पहिला दात कधी आला ते सांगू?"

"त्यातलं काही नको. आठवण पुरावा म्हणून धरत नाहीत. आठवण शिकवता येते. सोमवारी काय झालं ते सांग."

"अक्का म्हणाल्या, तिकडच्या रेवासाठी दिवा लावून येऊ." ती थांबली. "मला बरं वाटलं होतं हो. सात वर्षांत पहिल्यांदा त्या मला 'चल माझ्याबरोबर' म्हणाल्या. तिथं ती होती. माझ्यासारखीच. तिनं चहा केला. मग अक्का म्हणाल्या, वरच्या खोलीत रेवाच्या कपड्यांची पेटी आहे, बघून ये जा. मी वर गेले. खाली आले तर दाराला बाहेरून कडी. पास अक्कांच्या पर्समध्ये."

"ओरडलीस?"

"कुणाला ऐकू जाणार? त्या गल्लीत आता कुणी राहत नाही. सकाळी खिडकी फोडली."

"आणि अक्कांनी हे कशासाठी करावं?"

"मला पुण्याला नोकरी लागलीय. रेवाला घेऊन मी जाणार होते. माझ्या वकिलाची नोटीस गेल्या आठवड्यात घरी पोचली."

"नवरा काय म्हणाला नोटिशीवर?"

"ते अक्कांना विचारून सांगणार होते."

मला हसू आलं. तिलाही आलं असतं, दुसरा कुठला दिवस असता तर.

"माहेरचं कुणी?"

"आईवडील दोघंही गेले. रेवा आहे, बस." मग तिनं माझा हात धरला. "मॅडम, ती माझ्यासारखी दिसते, माझ्यासारखी बोलते, सगळं मान्य. पण रेवा माझी आहे. शुक्रवारी मला तिकडं ढकललं तर मला मुलगीच उरणार नाही."

गुरुवारी सकाळी मी तिला महिला पोलिसाबरोबर देशिंगकरांच्या घरी नेलं. बेदाण्याचे व्यापारी. पुढं बंगला, मागं कोल्ड स्टोरेज. दारातूनच बेदाण्याचा आंबूस गोड वास येत होता. नियमाप्रमाणे पोरीला मागच्या बाजूला ठेवलं होतं, तिनं फाटकावरच्या बाईला अजून पाहिलं नव्हतं.

"या बोंद्रेबाई," अक्का म्हणाल्या. "बेदाणा घ्या. हिरवा आहे, एक नंबर."

लीलावती देशिंगकर, गावभर अक्का. घट्ट अंबाडा, पायात घरातसुद्धा चपला. बाजारात मूठभर बेदाणा तळहातावर घेऊन त्या भाव सांगायच्या आणि तो चुकत नसे म्हणतात. मला त्यांनी तसंच पाहिलं. तळहातावर घेतलं आणि ठेवून दिलं.

अक्कांचा मुलगा, हेमांगीचा नवरा मकरंद शेजारी बसला होता. चाळिशीचा, गोरा, नीटनेटका. अक्कांच्या वाक्यांना पूर्णविराम देणं हे त्याचं काम असावं. घरातली हेमांगी साडी नेसून ट्रे घेऊन आली. दोघी समोरासमोर बसल्या. आरशासमोर बसून आरशाचा राग यावा, तशा.

"मला काही सांगू नका," मी दोघींना म्हटलं. "अक्कांशी बोला. पुरानंतरच्या गेल्या दिवाळीत काय केलं, त्याची त्यांना आठवण करून द्या."

घरातली लगेच म्हणाली, "अक्का, आपण चिरोटे केले होते ना! पाक पुढं गेला आणि आपण हसत बसलो. पाडव्याला आपण सगळे नरसोबाच्या वाडीला गेलो, आपण नावेत बसलो, रेवा घाबरली होती."

"बरोबर," अक्का म्हणाल्या.

"अगदी," मकरंद म्हणाला.

फाटकावरची चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, "पाडव्याला तुम्ही सगळे वाडीला गेलात. गाडीत जागा नव्हती. आम्ही घरीच होतो."

"आम्ही म्हणजे कोण?" मी विचारलं.

"मी आणि रेवा."

मकरंद खुर्चीच्या कडेला सरकला. "ऐकलंत मॅडम? आम्ही म्हणे! 'तुम्ही गेलात' म्हणे! आमच्या घरातली बाई अक्कांशी असं बोलेल? आपल्या माणसांत बसून बाई 'आपण' म्हणते. हिची माणसं वेगळी होती, हिचं घर वेगळं होतं. तेच आलं तोंडातून."

मकरंदराव न विचारता हुशार निघाले. पण मुद्दा खोटा नव्हता. 'आम्ही' म्हणताना समोरच्याला दाराबाहेर ठेवायचं आणि 'आपण' म्हणताना आत घ्यायचं, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालासुद्धा कुणी शिकवावं लागत नाही. म्हणूनच तिथं माणूस सापडतो. विम्याच्या दिवसांत एका दुकानदारानं माझ्यासमोर नोकराला विचारलं होतं, 'त्या रात्री आपण कुलूप लावलं होतं ना रे?' आदल्या दिवशी त्यानं मला लिहून दिलं होतं की त्या रात्री तो मुंबईला होता. त्या एका शब्दावर त्याचा दावा गेला.

तर या हिशोबानं फाटकावरची पल्याडची ठरत होती. मी तसं लिहिणारच होते, इतकं ते सरळ जमत होतं. फक्त एक गोष्ट टोचत होती. घरातल्या बाईच्या बोलण्यात जरा जास्तच 'आपण' होते. नवीन भाडेकरू पहिल्या आठवड्यात दारावर केवढी मोठी पाटी लावतो, तसे.

मी पोरीला भेटायला मागच्या ओट्यावर गेले. रेवा पाच वर्षांची. समोर बेदाण्याचे ढीग मांडून दुकान चालवत होती.

"काय भाव?" मी विचारलं.

"तुम्हाला देणार नाही. तुम्ही हात धुतले नाहीत."

मी हात धुऊन आले तोवर घरातली हेमांगी कंगवा घेऊन तिच्यामागं येऊन बसली होती.

"ये गं, आपण वेणी घालू," ती म्हणाली.

रेवानं मान काढून घेतली. "आम्ही वेणी नाही घालत. आम्ही पोनी बांधतो."

"बरं, मग आपण पोनी बांधू."

"आम्ही स्वतःच बांधतो," रेवा म्हणाली, आणि बेदाण्याचा ढीग दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घेतला.

मी तिथंच खांबाला टेकले. पाच वर्षांची पोर 'आम्ही' म्हणत होती. कुणाला? जी बाई स्वतःला तिची आई म्हणवत होती, तिच्याच तोंडावर. आईशी बोलताना पोर 'आपण' म्हणते, आणि आईबरोबर मिळून जगाशी बोलताना 'आम्ही'. त्या पोरीच्या 'आम्ही'त एक बाई होती, आणि ती बाई या ओट्यावर नव्हती. ती पुढच्या खोलीत पोलिसाशेजारी बसली होती. हा शब्द पोरीनं तिच्याकडूनच उचलला होता. सात वर्षं ज्या घरानं सुनेला गाडीत जागा दिली नाही, त्या घरात ती 'आपण' म्हणणार तरी कशी?

घरातल्या हेमांगीनं कंगवा मांडीवर ठेवला. मला कळलंय, हे तिला कळलं होतं.

"तुझी रेवा किती वर्षांची होती?" मी हळू विचारलं.

तिनं पोरीच्या केसांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हिचे केस कोरडे आहेत. मला तेवढं पुरे. ती मला काहीही म्हणू दे."

"आणि हिची आई?"

"माझी गेली तेव्हा मला कुणी विचारलं होतं?"

तिनं कंगव्यातला गुंतलेला केस काढला, बोटाला गुंडाळला आणि टाकून दिला नाही. पदराच्या टोकात बांधला.

अक्का मला गेटपर्यंत सोडायला आल्या, कोल्ड स्टोरेजच्या मधून. आत थंडी होती, दोन्ही बाजूंना छपरापर्यंत बेदाण्याच्या पेट्या. मध्यावर त्या थांबल्या.

"ओळखलंत वाटतं."

"तुम्ही कधी ओळखलं होतंत?"

"मी?" त्या हसल्या. "मी तर निवडून आणली, बाई. चार वेळा जाऊन पाहिली आधी. पास काय, मयत नातीच्या नावावर कितीही मिळत होते. सगळं पढवलं तिला. दिवाळी, वाढदिवस, दुधाचा रतीब. चिरोट्यांचं मात्र तिनं स्वतःच रचलं हो. हसत बसलो म्हणे! पण छान रचलं."

"आणि आधीची सून?"

"साडी घरी आणल्यावर पटली नाही तर आपण बदलून घेतो की नाही? तोच काठ, तोच पदर, फक्त अंगाला टोचत नाही. ही नोकरी म्हणत नाही, वकील म्हणत नाही. बस म्हटलं की बसते. हिला पोर पाहिजे होती आणि मला नात. ती आधीची नातीला घेऊन चालली होती. कोर्टात गेले असते तर काय हाती आलं असतं? महिन्यातून दोन रविवार?"

मी त्यांच्या जमाखर्चाला मनातल्या मनात दाद दिली. घटस्फोटात सूनही गेली असती आणि नातही. या सौद्यात सून देऊन सूनच आली, नात जागेवर राहिली, शेजाऱ्यांना कळायलासुद्धा जागा नाही. इतका चोख व्यवहार विम्याच्या वीस वर्षांत मी पाहिला नव्हता. खर्चाच्या बाजूला फक्त एक जिवंत बाई होती.

"मकरंदला ठाऊक आहे?"

"त्याला काय विचारायचंय? त्याला डबा वेळेवर मिळतो."

"मी अहवालात सगळं लिहिणार, अक्का."

"लिहा की. तुमचा काय पुरावा? पोर 'आम्ही' म्हणाली?" त्यांनी ते ओट्याच्या खिडकीतून ऐकलं होतं. "तांबोळी वाचून हसतील. तुमचा एक कागद, मकरंदचा एक कागद. बरोबरी झाली की पोरीला विचारायचं, असा नियम आहे ना? मी चौकशी केलीय. पोरीनं बोट दाखवायचं आणि तेच शेवटचं."

"हो. आणि पोरगी आपल्या आईला ओळखते. हे तुम्हीही खिडकीतून ऐकलंत."

"ऐकलं," अक्का म्हणाल्या. "फार माया आहे हो तिची आईवर. नजर लागेल अशी." आणि माझ्या ओंजळीत त्यांनी मूठभर बेदाणा घातला.

तांबोळी खरंच हसले. "बोंद्रेबाई, सर्वनामावर माणूस पल्याड पाठवू? वर काय लिहू, व्याकरणदृष्ट्या दोषी?"

"मग पोरीला विचारा," मी म्हटलं. मला कसलीच धास्ती नव्हती. संध्याकाळी वजनकाट्याच्या खोलीत जाऊन मी तिला सांगितलंसुद्धा, "उद्या रेवाला विचारणार आहेत."

तिनं तोंडावर हात घेतला. मग हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा. "मग सुटले," म्हणाली. "आमची रेवा चुकायची नाही."

शुक्रवारी दुपारी सूतगिरणीच्या जुन्या खात्यात आम्ही सगळे जमलो. मागच्या भिंतीतली फट आता माणूस आडवा होऊन जाईल एवढीच राहिली होती. तिच्यातून पल्याडचं ऊन येत होतं, आपल्या उन्हापेक्षा थोडं पिवळं. दोघींना सारखे कपडे घालून भिंतीशी उभं केलं. बोलायचं नाही, हात करायचा नाही, अशी ताकीद.

अक्कांनी रेवाला आणलं. नवा फ्रॉक, डोक्याला पोनी. पोरीनं आत येताच दोघींकडे पाहिलं आणि फाटकावरच्या बाईवर तिची नजर थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मी तांबोळींकडे पाहिलं. आता हसा, म्हटलं मनात.

तांबोळी गुडघ्यावर बसले. "बाळ, यातली तुझी आई कोणती? बोट करून दाखव. घाबरायचं नाही."

रेवानं ओठ मिटले. आईकडे बघून तिनं मान अगदी थोडी हलवली. 'काळजी करू नको' म्हणताना मोठी माणसं हलवतात तशी. मग तिनं हात उचलला आणि दुसऱ्या बाईकडे बोट केलं. घरातल्या.



"नीट बघ, बाळ," मी म्हटलं.

"बोंद्रेबाई, तुम्ही बोलायचं नाही," तांबोळी म्हणाले. "बाळ, पुन्हा सांग. कोणती?"

"हिला," रेवा म्हणाली. बोट ताठ होतं. "हिला. हिलाच."

"ही," तांबोळींनी पोरीची चूक सुधारली आणि कागदावर लिहिलं.

घरातली हेमांगी खाली बसली आणि रडायला लागली. ते रडणं खरं होतं. ती जमिनीकडे बघत होती.

दुसरी पुढं आली. "रेवा? अगं, मी."

रेवानं दोन्ही हातांनी कान झाकले आणि डोळे गच्च मिटून घेतले. अक्कांनी तिला उचललं. "पोर भेदरली," त्या म्हणाल्या. "जीपमध्ये बसवते." आणि नेलं.

मी तांबोळींना काय काय म्हणाले ते आता सगळं आठवत नाही. पोरीला पढवलंय म्हटलं, फट मिटेपर्यंत थांबा म्हटलं, दोघींनाही ठेवून घ्या म्हटलं. तांबोळींनी घड्याळ दाखवलं. "बाई, आता तर तुमच्या नवऱ्याच्या कागदाला पोरीचा शब्द मिळाला. मी काय करू?" माझा नवरा कुठून आला यात, असं मी विचारलं, तर ते ओशाळून हसले. त्यांचीही जीभ अडखळत होती.

महिला पोलिसानं फाटकावरच्या हेमांगीचा दंड धरला. ती झटापट करेल म्हणून दोघी जणी तयार होत्या. पण ती दाराकडे बघत होती, जिथून रेवाला नेलं तिथं.

"ओढू नका," ती म्हणाली. "बाहेर आवाज जाईल. ती घाबरेल."

ती स्वतः चालत गेली. फटीपाशी तिनं मला विचारलं, "मॅडम, ती असं का म्हणाली? माझ्यावर रागावलीय का? मी चार दिवस आले नाही म्हणून?"

ती आडवी होऊन पलीकडे गेली. तिची ओढणी विटेच्या कडेला अडकली, पलीकडून तिनं ती सोडवून घेतली. थोड्या वेळानं पिवळं ऊन बारीक होत गेलं आणि मग भिंत नुसती भिंत राहिली. तांबोळींनी तिच्यावर हात फिरवून पाहिला. चुना हाताला लागला तो त्यांनी रुमालानं पुसला.

आत सह्या चालल्या होत्या. अक्कांना आणि मकरंदला त्यासाठी बोलावलं, तेव्हा मी बाहेर आले. जीपमध्ये रेवा एकटी बसली होती, खिडकीच्या काचेला नाक लावून. मला बघून तिनं काच खाली केली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"मावशी, गेली का?"

"कोण गं?"

"ती. जिच्याकडे मी बोट केलं ती."

मी दाराची मूठ धरली. "तिच्याकडे बोट का केलंस, रेवा?"

"हळू बोल ना." ती माझ्या कानाशी आली. तिच्या तोंडाला बेदाण्याचा वास होता. "अक्कानं सांगितलंय, कुणाला सांगायचं नाही. ते विचारतात तुझी आई कोणती. पण ते खोटं असतं. जिच्याकडे बोट केलं तिला ते तिकडं टाकून देतात, पुराच्या घरात. आई फार घाबरली होती, मी बघितलं. म्हणून मी त्या बाईकडे केलं. दोनदा केलं. आणि नंतर आईकडे बघितलंच नाही, नाहीतर त्यांना कळलं असतं."

मी दाराची मूठ सोडली.

"मी रडलेपण नाही," ती म्हणाली.

खात्याचं दार उघडलं. आधी अक्का बाहेर आल्या, मग मकरंद, आणि त्यांच्यामागून ती. पदरानं तोंड पुसत, जीपकडे बघत, दोन्ही हात पुढं करून.

रेवा तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्यामागच्या उघड्या दाराकडे, आणखी कुणी येतंय का ते. मग सीटवरून सरकत पार पलीकडच्या कोपऱ्यात गेली, आणि मी खिडकीतून आत वाकले तेव्हा हात लांब करून तिनं माझ्या साडीचा पदर ओढला.

"मावशी, त्यांनी चुकून हिलाच सोडलं. पळ ना. सांग ना त्यांना."